कपालशाला

नांदगाव खंडेश्वरास मामाजींच्या घरी उतरणाऱ्या पाहुण्याचे स्वागत पूर्वी मामींच्या हातचा चहा करीत असे. अलीकडे ते काम एका बैलाने आपल्याकडे घेतले आहे, आणि तो बैल मरून किमान सात वर्षे लोटली आहेत. ओसरीच्या भिंतीवर, जेथे इतरांच्या घरी गणपतीची तसबीर अथवा चिरंजीवांच्या पदवीदान-समारंभाचे छायाचित्र असते, तेथे त्याचे मस्तक विराजमान असून, कपाळावर तुरीच्या फुलांची पिवळी वेल, नेत्रांच्या खोबणींभोवती निळीची कड आणि नाकाच्या पोकळीतून डोकावणारी एक चिमणी असा त्याचा थाट आहे. चिमणी रंगविलेली नाही, खरी आहे. तिने तेथे प्रथम घरटे केले तेव्हा पिले उडून जाईपर्यंत मामाजींनी कुंचल्यास हात लावला नाही, आणि मामी तितके दिवस त्या चिमणीला तांदळाच्या कण्या घालून तिचे उपकार फेडीत होत्या.

मामाजी एकतीस वर्षे चित्रकलेचे शिक्षक होते. या एकतीस वर्षांत त्यांनी एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या सरकारी परीक्षांसाठी तालुक्यातील दोन पिढ्यांकडून पितळी तांब्या, त्याच्याशेजारी वांगे आणि पाठीमागे चुण्या पडलेला टॉवेल, एवढा एकच विषय इतक्या वेळा काढून घेतला की, नांदगावच्या बाजारात वांगी निवडताना माणसे अजूनही प्रथम त्यांची छाया कोणत्या बाजूस पडते ते पाहतात, असे म्हणतात. निवृत्तीनंतर वैद्याने रोज सकाळी चालण्याचा हुकूम फर्मावला. चालता चालता नाल्याच्या काठी, बाभळीखाली, उन्हापावसाने पांढरे पडलेले एक मस्तक त्यांना दिसले. आणि ज्या मनुष्याने उभ्या जन्मात वांग्यापलीकडे वस्तुचित्र पाहिले नव्हते त्याला त्या खोबणी, त्या कमानी आणि त्या कवटीच्या माथ्यावरचा नागमोडी सांधा पाहून जो साक्षात्कार झाला, तो त्यांनी दुपट्ट्यात गुंडाळून घरी आणला.

नांदगाव खंडेश्वर हे अमरावतीहून बडनेऱ्यावरून यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे तालुक्याचे ठिकाण, आणि त्याच्या नावातला खंडेश्वर म्हणजे काळ्या दगडाच्या हेमाडपंती मंदिरातला महादेव. मंदिरात यादवकाळचा शिलालेख आहे, म्हणजे गावाला जुन्या वस्तू जपण्याची सवय नाही असे कोणी म्हणू नये. मामाजींनी घरातील पहिला विरोध मोडून काढताना याच देवाला साक्षीस बोलाविले. शिव हा कपाली आहे, त्याच्या हाती कपाल, गळ्यात मुंडमाळा, अंगाला चिताभस्म, असे असता गृहस्थाच्या घरी एक मस्तक असण्यात अमंगळ ते काय, असा त्यांचा युक्तिवाद. मामींनी तो शांतपणे ऐकून घेतला व म्हणाल्या, “त्या देवाले घर नाई. म्हणून पार्वतीले ओसरी झाडा लागत नाई.” एवढ्यावर शास्त्रार्थ संपला आणि मस्तक गोठ्यामागे गेले; ते ओसरीवर परत यायला आठ महिने लागले.

हे आठ महिने मात्र वाया गेले नाहीत, कारण कवटी सापडणे आणि कवटी टिकणे या दोन गोष्टींत, स्थळ पसंत पडणे आणि संसार होणे यांच्यात असते तितके अंतर आहे. पहिल्या मस्तकास मामाजींनी लौकर स्वच्छ व्हावे म्हणून मामींच्या लग्नातल्या पितळी गंजात उकळले. हाड उकळले की त्यातली चरबी बाहेर येण्याऐवजी आणखी खोल मुरते, सांधे खिळखिळे होतात, दात एकेक करून तळाशी जाऊन बसतात, आणि पुढे कितीही उत्तम रंग दिला तरी वर्षभराने त्यातून पिवळे तेलकट डाग, जुन्या कर्जासारखे, वर येत राहतात; हे ज्ञान त्यांना त्या एका गंजात प्राप्त झाले. त्या गंजाचे पुढे काय करावयाचे, हे प्रकरण त्या घरात अद्याप न्यायप्रविष्ट आहे.

पुढे त्यांनी रीत बदलली. जे मस्तक ऊन, पाऊस आणि मुंग्या यांनी आधीच निकालात काढले आहे तेवढेच उचलावयाचे. मग ते प्लॅस्टिकच्या ड्रमात थंड पाण्यात बुडवून ठेवावयाचे, की उरलेसुरले जे काही कोनाकोपऱ्यांत चिकटलेले असते ते सूक्ष्म जीव खाऊन टाकतात. पाणी अधूनमधून बदलावयाचे, पण सगळे नव्हे, कारण सगळे बदलले तर कामकरी मंडळीच वाहून जाते. या अवस्थेत ड्रमातून जो परिमळ सुटतो त्याचे वर्णन करण्यास मराठी भाषा समर्थ आहे, परंतु मी नाही. एवढेच सांगतो की, त्या काळात शेजारच्या मुलीला पाहावयास आलेली मंडळी चहा न घेताच उठली, आणि ते स्थळ पुढे वाईट निघाल्याचे कळल्यामुळेच केवळ मामाजींचे शेजारधर्माचे खाते बरोबरीत आले. नंतर भांडी घासण्याच्या साबणाचे कोमट पाणी, आठवड्यामागून आठवडे. पाण्यावर चरबीचा तवंग येणे थांबेपर्यंत. शिंगाच्या वरचे खोळ या भिजवण्याने सैल होऊन, ओला बूट पायातून निघावा तसे, आतल्या हाडाच्या गाभ्यावरून अलगद निघते. ते वेगळे वाळवून मागाहून बसवावयाचे. शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइडचे स्नान, ज्याने हाड शुभ्र होते. ब्लीचिंग पावडरीने ते अधिक लौकर शुभ्र होते, परंतु हाडाचे कण ज्या चिकट द्रव्याने एकमेकांस धरून असतात तेच ती खाऊन टाकते आणि काही काळाने नाकाचा शेंडा हातात खडूसारखा भुगा होऊन येतो. गावच्या औषधाच्या दुकानदाराने पहिल्या बाटलीस “कोणाचा कान फुटला?” अशी चौकशी केली, चौथ्या बाटलीस चिंता दर्शविली, आणि बाराव्या बाटलीस घरातल्या सर्व कानांसाठी अमरावतीच्या एका तज्ज्ञाचा पत्ता स्वतःहून लिहून दिला.

मामाजी म्हणतात की, त्यांच्या बालपणी हे ड्रमाचे खटाटोप कोणाला करावे लागलेच नसते. गावाबाहेर जनावर पडले की आकाशात प्रथम एक ठिपका दिसे, मग दहा, आणि संध्याकाळपर्यंत गिधाडांचा तो पंक्तिप्रपंच आटोपून हाडे धुतल्यासारखी स्वच्छ होत. पुढे गुरांच्या दुखण्यावर डायक्लोफेनॅक नावाचे औषध आले, ते टोचलेले जनावर मेल्यावर खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली, आणि सरकारने २००६ साली गुरांसाठी त्याचा वापर बंद करीपर्यंत ती पंगतच उठून गेली होती. मामाजींचा ड्रम म्हणजे त्या पंगतीची अत्यंत निकृष्ट नक्कल होय, हे ते स्वतःच कबूल करतात.

आता या छंदास बाहेरच्या जगात प्रतिष्ठा नाही असे नाही. अमेरिकेत जॉर्जिया ओकीफ नावाच्या चित्रकर्त्रीने न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात सापडलेली गुरांची हाडे १९३० साली पिंपात भरून पूर्वेकडे रवाना केली, आणि दुसऱ्याच वर्षी काढलेले तिचे गाईच्या कवटीचे लाल, पांढरे व निळे चित्र आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, दुसऱ्या एका चित्रात तर तिने कवटीस कापडी गुलाब खोवले आहेत, जे पाहून मामाजी म्हणाले, “हे तं बाशिंगच होय.” पिकासोने १९४२ साली सायकलची सीट आणि तिचे हँडल एकत्र जोडून बैलाचे मस्तक केले. डेमियन हर्स्ट या इंग्रज कलावंताने २००७ साली माणसाच्या कवटीचा प्लॅटिनमचा साचा करून त्यावर ८,६०१ हिरे जडविले. मुंबईस बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, पशुवैद्यक महाविद्यालयातील शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक डॉ. संतोष गायकवाड यांच्या हातून, मेलेल्या वाघ-बिबट्यांना जिवंतपणाचे रूप देण्याचे केंद्र २००९ पासून चालले. ही सर्व माहिती मी मामाजींना पुण्याहून वेळोवेळी पुरविली, आणि प्रत्येक वेळी त्यांची छाती फुगली व मामींचे कपाळ आकुंचन पावले.

परंतु ओकीफबाईंना जी एक गोष्ट सुखाने लाभली ती मामाजींना लाभली नाही. वाळवंटातले हाड उचलून नेताना तिला कोणी “कोणाची गाय होय?” असे विचारले असल्याचे कोठे वाचनात येत नाही. तेथे कवटी ही एक आकृती होती. आकाश, पोकळी, रेषा, अनंत. नांदगावात आकृती नावाची वस्तूच नाही. तेथे जे काही आहे ते कोणाचे तरी आहे. मामाजींच्या ओसरीवर आलेला प्रत्येक इसम, मग तो विमा उतरविणारा असो, लग्नाची पत्रिका घेऊन आलेला असो की वीजबिलाचे मीटर वाचणारा असो, त्या कलाकृतीसमोर क्षणभर स्तब्ध उभा राहतो, डोके जरा वाकडे करतो, मामाजींची छाती रसिकाच्या अपेक्षेने भरून येते, आणि रसिक म्हणतो, “कोनाचा बैल होय, गुरुजी?”

या प्रश्नाचे उत्तर देता येत नसल्यामुळे मामाजींची गावात जी मानहानी झाली ती शिंगांना सोनेरी रंग देऊनही भरून आली नाही. गुरांच्या बाजारातला एक वयोवृद्ध हेडी एकदा मुद्दाम पाहावयास आला. त्याने वेलबुट्टीकडे पाहिलेही नाही. उकिडवा बसून त्याने खालचा जबडा हाती घेतला, दातांच्या झिजेवरून अंगठा फिरविला आणि निकाल दिला, की बैल जुळून लय वर्से झाली होती, गवळाऊ जातीचा होता, आणि शेवटच्या दोन वर्षांत त्याला कडबा नीट चावत नव्हता. गवळाऊचा चेहरा लांबट व शिंगे आखूड असतात हे मला त्याच दिवशी कळले. माझे पुणेरी अज्ञान मात्र याहून खोल होते. सगळे शांत बसले असता मी विचारले, की वरच्या जबड्याचे पुढचे दात कोठे पडले?

“पुण्याले गेले,” मामाजी म्हणाले.

गाईबैलांना वरच्या जबड्यात पुढचे दात मुळी नसतातच. तेथे टणक हिरडीची गादी असते, आणि पुढचे आठही दात खाली असतात. बत्तीस दात त्यांनाही आपल्यासारखेच, परंतु मांडणी निराळी. ही गोष्ट त्या ओसरीवरच्या चार वर्षांच्या पोरालाही ठाऊक होती, असे त्याच्या हसण्यावरून दिसले. उठताना त्या हेड्याने सवयीने मामाजींच्या दुपट्ट्याखाली हात घातला. गुरांच्या बाजारात किंमत तोंडाने बोलत नाहीत, रुमालाखाली एकमेकांची बोटे धरून ठरवितात. मामाजींना वाटले की कलावंताचे अभिनंदन होत आहे, म्हणून त्यांनी सद्गदित होऊन संपूर्ण पंजा दाबला. हेड्याने हात झटकून मागे घेतला. “पाच हजार? मेल्या बैलाचे?” असे म्हणून तो जो निघाला तो बाजारात जाऊन मास्तर भारी पक्का माणूस आहे अशी कीर्ती पसरवूनच थांबला.

एकदा चालताना त्यांना रोह्याची कवटी सापडली. रोही म्हणजे ज्याला पुस्तकात नीलगाय म्हणतात तो प्राणी, ज्याने रात्रीतून उभ्या तुरीचे शेत सपाट केल्याचे दुःख या तालुक्यातल्या प्रत्येक घराला आहे. मामाजींनी ती उचललीच होती, इतक्यात मी त्यांना फोनवर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा समजावून सांगितला, की वन्य प्राणी मृत सापडला तरी तो सरकारी मालमत्ता असतो, त्याची कवटी, शिंग, कातडे हेही त्यात आले, आणि अशी मालमत्ता हाती आल्यास अठ्ठेचाळीस तासांच्या आत पोलीस ठाण्यास अथवा अधिकृत अधिकाऱ्यास वर्दी द्यावी लागते. मामाजींनी ती कवटी होती त्याच जागी, तोंड पूर्वेस करून, परत ठेविली. शेजारच्या धुऱ्यावरचा शेतकरी हे सर्व पाहत होता. कारण समजल्यावर तो म्हणाला, “म्हंजे जिता होता तवा कोनाचाच नोयता, तूर खाल्ली तं मालक सापडला नाई; अन् मेल्यावर सरकारचा झाला!”

ओसरीवर मस्तकांची संख्या पाच झाली तेव्हा फाटकाशी एक लिंबू सापडले, सहा झाली तेव्हा दोन. काही बायका त्या घरावरून जाताना मुलांचे डोळे पदराने झाकू लागल्या. शेतात बुजगावण्याच्या काळ्या मडक्यावर चुन्याचे ठिपके देऊन दृष्ट काढणारी हीच मंडळी, परंतु तेच ठिपके मडक्याऐवजी कवटीवर आले की करणी होते. कोणी तरी २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याचे नाव काढले. मामाजींचे शेजारी निवृत्त तलाठी आहेत. ज्यांना जगातली कोणतीही गोष्ट दफ्तरी नोंदल्यावाचून घडली असे वाटत नाही, अशा जुन्या वळणाचे. त्यांनी गावाचे समाधान व्हावे म्हणून चार पंच बोलावून रीतसर पंचनामा लिहिला, जो मामाजींनी चौकटीत बसवून त्याच भिंतीवर लाविला आहे: ‘मौजे मजकुरी सदरहू इसमाचे राहते घरी मुद्देमाल येणेप्रमाणे. बैलाची मस्तके, नग नऊ. पैकी शिंगे असलेली सहा, बिनशिंगी तीन. रंग नाना प्रकारचे. हळद, कुंकू, सुई, बाहुली अगर तत्सम वस्तू आढळून आली नाही. चिमणी, नग एक, जिवंत.’ या चिमणीच्या नोंदीने वातावरण निवळले. ज्या करणीत चिमणी अंडी घालते तिला भिण्यात अर्थ नाही, हे सर्वांना पटले.

या नऊपैकी नववे मी आणलेले. मामाजींना आखूड शिंगांचा कंटाळा येऊन खिल्लारीच्या लांब, मागे वळलेल्या शिंगांचा ध्यास लागला, म्हणून माणदेशातल्या एका स्नेह्याकडून मस्तक मिळवून मी ते पोत्यात बांधून बसने आणले. पोत्यातून दोन टोके बाहेर आलेली पाहून वाहकाने विचारले, “सतार आहे काय?” मी होय म्हणालो. त्याने वाजवून दाखविण्याचा आग्रह धरला नाही, हे त्याचे सौजन्य.

थट्टेच्या भरात एक गोष्ट मात्र मी विसरू शकत नाही. मामाजींबरोबर शाळेत मुख्याध्यापक असलेले एक गृहस्थ एके दिवशी आले, नऊही मस्तकांपुढून सावकाश फिरले, आणि खुर्चीत बसून म्हणाले, “गुरुजी, आमच्या आज्यानं हे सोडलं तवा कुठं आमी शाळेत आलो. अन् तुम्ही शाळा सोडली अन् हे धरलं!” दोघेही मोठ्याने हसले. मेलेली गुरे ओढण्याचे काम ज्यांच्या माथी गावाने शतकानुशतके मारले, आणि ते केले म्हणून पुन्हा ज्यांचा विटाळ मानला, त्यांना १९२७ साली महाडास बाबासाहेबांनी ते सोडून देण्यास सांगितले; त्या हाडांना हात लावणे ही एकाची सक्ती होती, आणि निवृत्तिवेतन सुरू झाल्यावर दुसऱ्याचा तो छंद होऊ शकतो. हसून झाल्यावर मामाजी बराच वेळ कुंचल्याचे केस निरखीत बसले होते. मुख्याध्यापकांनी निघताना दोन शिंगांचा सोनेरी रंग फार भडक झाल्याचे सांगितले, आणि तो खरोखरच भडक होता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी तेथे होतो. वऱ्हाडात या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून सुजलेल्या खांद्याला पळसाच्या पानाने लोणी-हळद लावावयाची, आणि उद्या जेवावयास येण्याचे आवतण द्यावयाचे. दिवेलागणीस पलीकडच्या खेड्यातला एक म्हातारा वाटी झाकून घेऊन ओसरीवर आला. दोन महिन्यांपूर्वी तो असाच आला होता, आणि ज्या मस्तकापुढे सर्वजण “कोनाचा बैल होय?” म्हणून थांबतात त्यापुढे थांबून, डाव्या शिंगाच्या टोकाची चीर बोटाने चाचपून म्हणाला होता, “हा तं माहा सर्जा होय.” त्यानंतर त्याने एकच हरकत घेतली, की सर्जाच्या शिंगाला त्याने कधी सोनेरी लावला नाही, नेहमी हिंगूळ. एकतीस वर्षांत कोणा विद्यार्थ्याची दुरुस्ती न मानलेल्या मामाजींनी त्याच रात्री ती दोन्ही शिंगे घासून पुन्हा लाल केली होती.

म्हाताऱ्याने वाटी उघडली, पळसाचे पान लोण्यात बुडविले, भिंतीसमोर उभा राहिला, आणि तेथे घोटाळा झाला. सर्जाला शिंगे होती, कपाळ होते, दात होते, खांदा नव्हता. म्हातारा पान हाती घेऊन वर पाहत राहिला. निवृत्त तलाठ्यांनी मस्तक हेच संपूर्ण जनावर समजावे, असा तोडगा सुचविला. मामाजींचे मत पडले की भिंतीलाच खांदा मानावे, कारण भार तीच वाहते आहे. मीही काही तरी बोलणार होतो, परंतु दातांच्या प्रकरणानंतर त्या ओसरीवर माझे मत कोणी विचारीत नाही.

मामी आतून हात पुसत आल्या. त्यांनी एकदा म्हाताऱ्याकडे पाहिले, एकदा भिंतीकडे, आणि पाट आणून मधोमध टाकला.

“ज्यानं वाहून आणलं त्याचाच शेका, बुढेबावा,” त्या म्हणाल्या. मग मामाजींकडे वळून, “काढा तो सदरा.”

मामाजी निमूटपणे सदरा काढून पाटावर पाठमोरे बसले. म्हाताऱ्याने दोन्ही खांद्यांना पळसाच्या पानाने यथासांग लोणी-हळद लाविली, आणि रिवाजाप्रमाणे उद्या जेवायला येण्याचे आवतण दिले. मामाजींनी मान डोलावून ते स्वीकारले.